सरस्वतीपुरमी गोल उभे राहिले त्याची हकिकत

श्री चामुंडेश्वरी प्रसन्न. शालिवाहन शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, शरद ऋतू, आश्विन शुद्ध पक्ष, शाळांस दसऱ्याची सुटी, आयुधपूजेच्या आधीचा आदितवार, ते समयी म्हैसूर शहरी सरस्वतीपुरम या पेठेत मोरोक्को देशाने फुटबॉलचे मैदान कोणे रीतीने सिद्ध केले, गोल कैसे उभे केले, त्यात कोणावर कोणता प्रसंग गुदरला आणि शेवट कैसा जाहला, ते येथे सांगितले असे. संवत्सराचे नाव पराभव आहे खरे. परंतु ते पंचांगकर्त्यांनी ठेविले, खेळणारांनी नव्हे. म्हणोन वाचणारांनी आरंभीच मन खट्टू न करावे.

मोरोक्को देश सरस्वतीपुरमात कैसा आला, ही शंका प्रथम फेडिली पाहिजे. त्याच वर्षी ज्येष्ठ-आषाढात पृथ्वीवरील मोठमोठ्या पादशाह्यांचा फुटबॉलचा विश्वचषक सातासमुद्रापलीकडे जाहला, आणि ती युद्धे म्हैसूरच्या मुलांनी पहाटे उठोन, तोंड न धुता, टीव्हीसमोर बसोन पाहिली, आणि त्यांच्या अंगी वीरश्री संचारली. मग आठ पेठांच्या मुलांनी मसलत करोन आपलाही विश्वचषक भरवावा ऐसे ठरविले. मसलत म्हणजे एकत्र बसोन विचार करणे. मुलांत मसलत म्हणजे सर्वांनी एकदम बोलणे. मग आठ देशांच्या चिठ्ठ्या टिफिनच्या डब्यात घातल्या. डब्यास लोणच्याचा वास होता, त्यामुळे चिठ्ठी उघडताना प्रत्येक देश तेलकट निघाला. नजरबाद पेठेस पोर्तुगाल मिळाला, सरस्वतीपुरमास मोरोक्को मिळाला, आणि दुसरी चिठ्ठी काढिली तेव्हा यजमानपदही मोरोक्कोच्याच पदरी पडले. म्हणजे आठही देशांच्या फौजा आदितवारी सरस्वतीपुरमी येणार आणि मैदान मोरोक्कोने सजविले पाहिजे.

मोरोक्कोच्या सेनापती पावनीराजे, वय वर्षे बारा, यत्ता सातवी. यांचे घराणे सात पिढ्या म्हैसुरी नांदत आले. घरात मराठी बोलतात, परंतु त्या मराठीत कन्नड ऐसे मिसळले आहे की कोठे एक संपते आणि कोठे दुसरी लागते ते बोलणारासही कळत नाही. त्यांचे आजोबा राजमान्य राजश्री तिरुमलराव, पेन्शनीत निघालेले, दुपारी मैदानालगतच्या आपल्या घरी ओसरीवर खुर्ची टाकोन बसत. नातीने देशाचे नाव सांगताच ते विचारते जाहले,

“मोरोक्को अंदरे, म्हणजे काय? आपल्या मोरोबाचा कोण लागतो गो तो?”

“अज्जा, देश आहे तो, आफ्रिकेतला. सुम्मने बसा स्वल्प.”

आणि तिरुमलराव स्वल्प म्हणजे थोडा वेळ गप्प बसले.

आता जिच्यावर या मोहिमेचा सारा भार पडला, तिची कैफियत. चिरंजीव मृण्मयी, वय वर्षे अकरा, वडील अनुराग यांची नोकरी म्हैसुरास आली म्हणोन ज्येष्ठात नाशिकाहून आली. मोरोक्कोच्या फौजेत आसामी आठ आणि मैदानात उतरावयाचे सात. आठवी मृण्मयी. तिला कन्नड येत नव्हते, ओरडोन सांगितलेले कळत नव्हते, ‘बलक्के’, म्हणजे उजवीकडे, म्हटले की ती डावीकडे धावे. म्हणोन सेनापतींनी तिला चेंडू आणावयाच्या कामावर नेमिले. मैदानाच्या पश्चिम अंगास उघडी मोरी होती. मोरीस मराठीत मोरी म्हणतात आणि कन्नडातही मोरीच म्हणतात, आणि चार महिन्यांत मृण्मयीस दोन्ही भाषांत बिनचूक कळणारा शब्द तो एवढाच होता. चेंडू गेला की सातजण एका सुरात “मोरी!” ऐसा पुकारा करीत आणि मृण्मयी जाई. तिच्या मनी एकच इच्छा होती की एकदा गोलात उभे राहावे. नाशिकात ती गोलातच उभी राहत असे, आणि तिथे तिच्या हाती आलेला चेंडू सहसा निसटत नसे. परंतु हे येथे कोणी विचारले नाही, आणि कोणत्या भाषेत सांगावे हे तिला सुचले नाही.

बुधवारी जयलक्ष्मी मिस यांचे फर्मान आले. या मिस शाळेत खेळ शिकवीत असत. सेवानिवृत्त जाहल्या तरी गळ्यातील शिटी निवृत्त जाहली नव्हती. आठही देशांनी त्यांस मुख्य पंच मानिले होते. फर्मान मोबाइलवर आले, आणि मोबाइलवर कन्नड लिहिणे बोटांस जड जाते म्हणोन मिसनी ते विलायती अक्षरांत लिहिले होते. मजकूर ऐसा की, मैदानाचे दोन्ही अंगांस बले आणि कंब पाहिजेत. आदितवारी सकाळी सात वाजता खासा पाहणीस येऊ. नसल्यास सामने नजरबादेस हलवू, कारण तेथे लोखंडी गोल तयार आहेत. कन्नडात बले म्हणजे जाळे आणि कंब म्हणजे खांब. गोल म्हटला की हे दोन आलेच.

फर्मान ऐकोन गोल आणावे कोठून, ही विवंचना मोरोक्कोस पडली. मग पावनीराजे जाहीर करित्या जाहल्या की, जो कोणी हे सामान आणील त्यास मागेल ती जागा मिळेल.

“कुठली पण?” मृण्मयी म्हणाली.

“कुठली पण. पण नाही आणलीस तर वर्षभर मोरी. कोणी आळीपाळी म्हणायचं नाही मग.”

“मला गोलात उभं राहायचंय.”

सहाजण हसले. पावनीराजे न हसता आपला मोबाइल तिच्या पुढे धरत्या जाहल्या आणि म्हणाल्या, “हे बघ लिहिलंय. हे आण.”

येथे नीट ध्यान द्यावे, कारण सारी गफलत या जागी आहे. मृण्मयीने फर्मान वाचिले. अक्षरे चार: बी, ए, एल, ई. तिने ती ‘बाले’ ऐसी वाचिली. पुढे ‘कंब’. कंब म्हणजे खांब, हे तिने ओळखिले. मग बाले म्हणजे काय? तिने विचार केला की, खांब दोन उभे, आणि त्यांवर आडवी बल्ली. बल्लीस कन्नडात बाले म्हणत असतील. ऐसा विचार नाशिकचेच मूल करील. चुकीत तर्क पुरता होता. फक्त भाषा दुसरी होती.

मग गुरुवारी तिने आईच्या फोनवरून रणोजीरावांस फोन लाविला. रणोजीराव हे टी. नरसीपूरकडील जुने मराठे. कावेरीकाठी यांची बाग, आणि आठवड्यातून दोनदा टेम्पो घेऊन सरस्वतीपुरमी भाजी-केळी विकावयास येत. मराठी बोलणारे नवीन घर दिसले म्हणोन त्यांनी मृण्मयीच्या आईस नंबर देऊन ठेविला होता आणि काही लागले तर हक्काने सांगा, ऐसे वचनही दिले होते. मृण्मयीने त्यांच्या टेम्पोत एकदा लांब बांबू पाहिले होते. ज्यापाशी बांबू त्यापाशी खांब, ऐसा तिचा हिशेब.

“काका, मला बाले कंब पाहिजेत.”

“बाळे कंब? व्हय की! किती?”

“चार. शनिवारपर्यंत.”

“चारानं काय होतंय? आठ घालून देतो. सण हाय, पोरांचं काम हाय, राहू द्या तुमास्नी.”

आता बाळे म्हणजे केळ. बाळे कंब म्हणजे पानांसकट केळीचा खुंट, जो आयुधपूजेस म्हैसुरातील प्रत्येक दुकानाच्या दारी, कारखान्याच्या फाटकास आणि बसच्या तोंडास बांधितात. सणाच्या आठ दिवस आधी कोणी बाळे कंब मागितले तर टी. नरसीपूरचा बागाईतदार दुसरे काय समजेल? रणोजीरावांचे कान शाबूत होते आणि मृण्मयीची जीभ फक्त थोडी लांबली होती.

इकडे मैदानाची सफाई सुरू जाहली. शुक्रवारी सात आसामींनी गाजरगवतावर हल्ला केला आणि तीन तासांत निम्मा मुलूख मोकळा केला. बाकीचा निम्मा मुलूख शिंका येऊ लागल्याने शनिवारवर टाकिला. दगड वेचोन मोरीकाठी रचिले. सीमारेषा आखण्यास चुना पाहिजे होता, तो मिळेना. मग घरोघरचे रांगोळीचे डबे आणिले आणि त्या रेषा पांढऱ्याशुभ्र जाहल्या. मधल्या वर्तुळाशी पोहोचता एका खेळाडूच्या हातास राहवले नाही आणि तेथे कमळ उमटले. पावनीराजे रागावल्या, परंतु कमळ चांगले जमले होते म्हणोन ते राहू दिले.

शनिवारी दुपारी रणोजीरावांचा टेम्पो आला. सारी फौज दौडत गेली. टेम्पोत आठ केळीचे खुंट, उंच, ओलसर, पाने डोलत, आणि वर भेट म्हणोन आंब्याचे टहाळे. रणोजीरावांनी ते उतरविले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरविला, आणि पूजा थाटात करा म्हणोन पुढील गल्लीस कूच केले.

मग जे घडले ते लिहिण्यास कठीण. पावनीराजे खुंटांकडे पाहत्या जाहल्या, मग मृण्मयीकडे, मग पुन्हा खुंटांकडे.

“हे काय आहे?”

“बाले कंब.”

“बाळे कंबच आहे! बले कुठे? गोल कुठे?”

मृण्मयीस काही समजेना, परंतु काही तरी मोठे बिघडले एवढे समजले, आणि तिचे कान तापले. गलका ऐकोन तिरुमलराव खुर्ची सोडोन फाटकाशी आले आणि खुंट पाहोन ऐसे हसले की चष्मा काढोन डोळे पुसावे लागले.

“अय्यय्यो, काय गो केलीस! बाळे म्हणजे केळ, बले म्हणजे जाळं. स्वल्प जीभ लांब झाली आणि अख्खी बाग आली की दारी!” मग तिचे तोंड पाहोन ते थांबले. “अळबेडा गो. रडू नको. ह्या गावात मी जन्मलो तरी बायकोला बळे आणतो सांगून बाळे आणलो होतो एकदा. बळे म्हणजे बांगड्या. तीन दिवस बोलली नाही.”

मृण्मयी रडली नाही. तिने विचारिले, “आजोबा, ह्या खांबाला पण कंबच म्हणतात ना?”

“म्हणतात.”

“मग खांब तर आले.”

ऐसे म्हणोन तिने एक खुंट खांद्यास टेकविला आणि ओढू लागली. सेनापती क्षणभर पाहत राहिल्या. दुसरी तजवीज कोणापाशीच नव्हती, आणि उद्या सात वाजता मिस येणार होत्या. मग पावनीराजांनी खुंटाचे दुसरे टोक धरिले आणि फौजेस काम लाविले. चार खड्डे खणले, चार खुंट उभे केले, माती दाबिली. हात काढिला की खुंट हळूच, अदबीने, आडवा होई. तीनदा उभे केले, तीनदा आडवे जाहले. तितक्यात शेजारच्या गल्लीतील गाय येऊन पाठीमागे पडलेल्या खुंटांपैकी दोन खाऊन गेली. आता सहा उरले. मग दोन मुलांस खुंटांच्या पहाऱ्यावर तैनात केले.

मृण्मयीच्या डोक्यात मात्र जाळे होते. बोली ‘बले आणि कंब’ अशी होती. नुसत्या कंबांवर गोलात कोण उभे करील? कोपऱ्यावर एक घर बांधत होते, तेथे तिने हिरवी जाळी टांगलेली पाहिली होती. ती एकटी गेली. गवंड्यापुढे उभी राहोन, मनात वाक्य जुळवोन, तिने शिकलेले सारे कन्नड एका वाक्यात घातले.

“अंकल, नमगे जाळी बेकु.”

गवंड्याने मान हलविली आणि मोठ्या मनाने दोन पाट्या जल्ली भरोन तिच्या पुढे ठेविली. कन्नडात जल्ली म्हणजे खडी. मृण्मयी त्या खडीकडे पाहत राहिली. एकाच दिवसात तिने खांब मागोन केळी आणिली होती आणि जाळी मागोन दगड मिळविले होते. परत करावे तर कोणत्या शब्दांत, आणि त्या शब्दांनी आणखी काय हाती येईल, याचा नेम नव्हता. म्हणोन “थँक्स अंकल” म्हणोन तिने एक पाटी उचलिली. दुसरी गवंड्यानेच पोहोचविली.

पाट्या मैदानात येताच पावनीराजांच्या कपाळी आठ्या पडल्या, परंतु तिरुमलराव ओरडले, “शाभास! खड्ड्यात घाला ती, खुंटाभोवती. मातीनं कसा उभा राहील तो?” आणि तसे केले, आणि वरून दगड ठोकिले, आणि चारही खुंट ताठ उभे राहिले. सर्वांस वाटले की मृण्मयीने खडी विचार करोनच आणिली. तिने त्यांस तसे वाटू दिले. थकल्या माणसास तेवढे क्षम्य आहे.

राहता राहिले जाळे. या खेपेस मृण्मयीने शब्दावर भरवसा ठेविला नाही. ती तिरुमलरावांच्या ओसरीवर गेली आणि खिडकीतून आतील पलंगाकडे नुसते बोट दाखविले. पलंगावर मच्छरदाणी टांगलेली होती.

तिरुमलराव बोटाकडे, मग मच्छरदाणीकडे, मग मैदानाकडे पाहते जाहले. म्हैसूरचे डास ज्याने सोसले आहेत तोच या मागणीचे मोल जाणील.

“एक देतो. दुसरा गोल?”

“दुसरी आमच्या घरून आणते. बाबांना कळायच्या आधी.”

ऐसे करोन त्या दिवशी दोन घरे डासांस मोकळी जाहली आणि दोन्ही गोलांच्या मागे पांढरी जाळी चढली. आडव्या बल्लीच्या जागी सुतळी बांधिली, सुतळीस आंब्याच्या पानांचे तोरण ओविले. पावनीराजे चार पावले मागे जाऊन पाहत्या जाहल्या, आणि घरी जाताना आपले हातमोजे मृण्मयीच्या हाती देऊन गेल्या, आणि म्हणाल्या, “उद्या मिस हो म्हणाल्या तर. नाही तर परत दे.”

आदितवारी सकाळी सात वाजता जयलक्ष्मी मिस स्कूटरवरून आल्या. त्याच वेळी पोर्तुगालचे सातजण, म्हणजे नजरबादेची फौज, सेनापती अर्जुन यांच्या मागे दाखल जाहली. अर्जुन हा अंगाने दांडगा, बुटांस खिळे, केसांस पाणी. केळीचे खांब, तोरण आणि पांढरे पडदे पाहताच तो मोठ्याने विचारता जाहला, “यारदु मदुवे?” म्हणजे लग्न कोणाचे आहे? सारी नजरबाद हसली. कोणी नवरी कुठे म्हणाला, कोणी जेवणाच्या पंगती विचारल्या.

पावनीराजांचे नाक लाल जाहले. “मुद्दाम केलंय आम्ही! सणाचं आहे. थीम आहे आमची!”

मिसनी खांब हातांनी हलविले, ते हलले नाहीत. मच्छरदाणी बोटाने ताणिली. मग मान वर करोन विचारिले की, हे कोणी मागविले?

सातही डोकी मृण्मयीकडे वळली. पावनीराजांनी डोळ्यांनी खूण केली की, थीम म्हण. ते सोपे होते. तो शब्द तिला येत होता. परंतु मृण्मयीच्या मनात आले की, आता थीम म्हटले तर मिस पुढे काही विचारतील, ते कळणार नाही, आणि मग आणखी काही तरी चुकीचे सांगितले जाईल, आणि कालपासून पुरेसे चुकीचे येऊन पडले आहे. ती पुढे जाहली. हातमोजे पाठीमागे धरिले होते.

“मिस, नानु ओदिद्दु तप्पु.” मी वाचिले ते चूक. मग कन्नड संपले आणि ती मराठीत म्हणाली, “जाळी आणायची होती, मी केळी मागवली. मला अजून कन्नड येत नाही. गोलात मला उभं राहायचं होतं, म्हणून मी आणते म्हणाले. जाळी आम्ही नंतर घरून आणली.”

पावनीराजांनी ते मिसना कन्नडात सांगितले. सांगताना थीम गाळिली. पोर्तुगालच्या फौजेत कोणी हसले, तेव्हा अर्जुनानेच त्याच्या पाठीत कोपर मारिले.

मिस आपला मोबाइल काढोन आपलेच फर्मान वाचित्या जाहल्या. एकदा वाचिले, ओठ हलवून पुन्हा वाचिले, आणि शिटी गळ्यात असोन हसू आवरेना. त्यांनी मोबाइल सर्वांस दाखविला. बी, ए, एल, ई, आणि पुढे कंब. जाळे वाचावे तरी तेच, बांगड्या वाचाव्या तरी तेच आणि केळ वाचावे तरी तेच. “तप्पु नंदु,” त्या म्हणाल्या. चूक माझी. पस्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या मिसनी अकरा वर्षांच्या मुलीस सर्वांदेखत ऐसे म्हटले, हे तेथील पुष्कळांनी प्रथमच पाहिले. मग त्यांनी निकाल सांगितला की, फर्मानात जे लिहिले ते मोरोक्कोने अक्षरशः आणिले आहे, खांब उभे आहेत, जाळे चेंडू अडविते आहे, मैदान मंजूर, नजरबादेचे लोखंडी गोल नजरबादेस सुखाने राहोत. आणि शिटी वाजविली.

पावनीराजे मृण्मयीजवळ येऊन म्हणाल्या, “घाल मोजे. आणि ऐक, बलक्के म्हणजे उजवीकडे. उजवीकडे! हा हात.” आणि तिचा उजवा हात धरोन हलविला.

पहिला सामना मोरोक्को आणि पोर्तुगाल यांचा, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. पहिल्या डावात पावनीराजांनी रांगोळीच्या कमळावरून चेंडू उचलिला, दोघांस चकविले आणि पोर्तुगालच्या गोलात मारिला. तो मच्छरदाणीत जाऊन ऐसा गुरफटला की काढावयास तिरुमलरावांस बोलवावे लागले. ते चेंडू सोडविण्याआधी मच्छरदाणीस भोक पडले की काय ते पाहते जाहले. मोरोक्को एक, पोर्तुगाल शून्य.

दुसऱ्या डावात पोर्तुगालने निकराचे हल्ले केले. मृण्मयीने एक पायाने अडविला, एक पोटाने अडविला, आणि एक अडविलाच नाही परंतु तो तोरणावरून गेला. पावनीराजे “बलक्के!” ओरडल्या आणि मृण्मयी खरोखर उजवीकडे झेपावली आणि चेंडू तेथेच होता. मिस घड्याळ पाहू लागल्या. तेव्हा अर्जुन मोरीच्या अंगाने धावत आला आणि सारे बळ एकवटोन त्याने फटका मारिला.

लोखंडी खांब असता तर चेंडू वाजोन परत गेला असता. केळीचा खुंट कच्च ऐसा आवाज करोन कमरेत मोडला, आणि पाने, तोरण, सुतळी आणि तिरुमलरावांची मच्छरदाणी ऐसा सारा सरंजाम मृण्मयीवर कोसळला. कोठे गोल, कोठे रेषा, कोठे मृण्मयी, काही दिसेना. हिरव्या ढिगातून दोन बूट बाहेर आले होते.

पोर्तुगालची मुले “गोल!” म्हणोन नाचू लागली, मोरोक्कोची मुले “इल्ला! नाही!” म्हणोन ओरडू लागली. मिस धावत गेल्या, पाने बाजूस केली. आत मृण्मयी बसली होती, चेंडू पोटाशी धरिलेला, केसांत आंब्याचे पान, आणि रांगोळीची रेषा तिच्या खाली पुसोन गेलेली. पाहणारास आत-बाहेर कळण्याजोगी एकही खूण उरली नव्हती.

मिसनी विचारिले, “ओळगा, होरगा?” म्हणजे आत की बाहेर?

मृण्मयीने सुचेल ते उत्तर दिले नाही. आधी मनात शब्द जुळविला, पुन्हा तपासिला, कारण तिच्या शब्दांनी दोन दिवसांत काय काय आणिले होते ते तिला ठाऊक होते. चेंडू खुंटास लागोन पुढ्यात पडला आणि ती त्यावर पडली. एवढे तिने पाहिले होते.

“होरगे,” ती म्हणाली. मग कोणास शंका नको म्हणोन हाताने मैदानाकडे दाखविले. “बाहेर.”

पोर्तुगालच्या मुलांनी गलका केला की, तिची साक्ष कशी चालेल, ती तर मोरोक्कोची. तेव्हा अर्जुन कपाळीचा घाम पुसोन पुढे आला, ढिगातील तिच्याकडे पाहता जाहला आणि मिसना म्हणाला, “बिडि मिस. अवळु सुळ्ळु हेळल्ल.” जाऊ द्या मिस. ती खोटं सांगत नाही.

मिसनी शिटी वाजविली.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध पक्षी आदितवारी सरस्वतीपुरमी मोरोक्को देशाची फत्ते जाहली; गोल एक विरुद्ध शून्य. मोडला खुंट काढोन शिलकीतील खुंट पाच मिनिटांत उभा केला आणि उरलेल्या देशांचे सामने त्याच मैदानात बिनतक्रार पार पडले. पोर्तुगालची फौज पुढे मोरोक्कोच्या घरच्या शिऱ्याच्या पंगतीस थांबली, कारण लग्न म्हटले तर जेवण पाहिजे, ऐसा हट्ट अर्जुनाचाच होता. गोल राखणार मृण्मयी, हे नाव जयलक्ष्मी मिस यांनी कागदावर रुजू केले. आणि त्याच दिवशी मोरोक्को देशात कायदा जाहला, तो आजतागायत चालू आहे, की चेंडू मोरीत गेला असता तो आणावयास कोणी एक नेमिला जाणार नाही. ज्याने मारिला त्याने आणावा.